वाक वेगळा, पीळ वेगळा

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जॅक-अप रिगने तिथल्या पहिल्या विहिरीतून तेलाचा शोध लावला आणि १९७६ पासून तिथलं तेल येऊ लागलं. समुद्रात प्लॅटफॉर्म उभा करणं अतिशय खर्चाचं काम असतं, त्यामुळे एकाच प्लॅटफॉर्मवरून अनेक विहिरी काढतात. काही अंतर त्या सरळ खाली जातात, मग प्रत्येक विहीर आपापल्या दिशेला कलते. काही तर शेवटी तेलाच्या थरातून चक्क आडव्या जातात.

विहीर अशी वळवायची कशी? वरून सगळा पाइप फिरवायचा आणि त्याच्या टोकाच्या बिटाने खडक फोडायचा, ही ड्रिलिंगची जुनी रीत. पण अख्खा पाइप फिरत असेल, तर बिटाला ठरावीक बाजूला सहज रेटता येत नाही. त्यावरचा रुळलेला उपाय म्हणजे पाइप स्थिर ठेवून फक्त बिट फिरवायचं. म्हणजे फिरवणारी मोटर खाली, बिटाच्या अगदी डोक्यावर हवी. अशा मोटरी गेली कित्येक दशकं वापरात आहेत. नदीखालून पाइपलाइन नेताना कातळ लागला, तर तिथेही याच जातीची मोटर कामाला येते.

या मोटरीच्या पोटात एक दांडा असतो. लांबी साधारण मीटर-दीड मीटर. मोटरीची सगळी ताकद त्याच्यातून बिटाकडे जाते, आणि ती पोहोचवताना त्याला सतत वाकावंही लागतं. पिळाला तो ताठ हवा आणि वाकायला मऊ हवा. या दोन मागण्या धातूला एकाच वेळी नीट पुरवता येत नाहीत. कार्बनच्या तंतूंपासून बनवलेल्या कॉम्पोझिट शाफ्टला मात्र त्या पुरवता येतात. का, हे समजून घेतलं की पदार्थांच्या ताकदीकडे बघण्याची आपली नजरच बदलते.

मडवर चालणारी मोटर

जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर वीज पोहोचवून मोटर फिरवणं अवघड असतं. पण तिथे एक गोष्ट नाहीतरी जातच असते, ती म्हणजे मड. विशिष्ट माती, पाणी किंवा तेल आणि रसायनं मिसळून केलेला हा पातळ चिखल वरचे पंप प्रचंड दाबाने पाइपातून खाली ढकलतात. तो बिटाच्या छिद्रांतून बाहेर पडतो, बिटाला थंड ठेवतो आणि फुटलेला खडक घेऊन पाइपाबाहेरच्या जागेतून वर येतो. या वाहत्या मडमधली ऊर्जा वापरून बिट फिरवायचं, ही या मोटरीमागची कल्पना.

पहिला मोठा प्रयत्न टर्बाइनचा होता. सोव्हिएत इंजिनिअर मात्वेई कापेल्युश्निकोव्ह यांनी १९२० च्या दशकात बाकूच्या तेलक्षेत्रात टर्बोड्रिल बनवलं, आणि पुढे सोव्हिएत संघात ते मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं. टर्बाइन मात्र फार वेगाने फिरते, आणि खडक फोडायला वेगापेक्षा पीळ, म्हणजे टॉर्क, जास्त लागतो.

दुसरी वाट फ्रान्समधून आली. रने मोइनो हे विमानविद्येतले इंजिनिअर होते. १९३० च्या सुमाराला त्यांनी एका वेगळ्याच पंपाची रचना मांडली. रबराचं अस्तर असलेल्या नळीला आतून मळसूत्री पन्हाळी पाडलेल्या असतात आणि तिच्यात धातूचा मळसूत्री दांडा फिरतो. नळी म्हणजे स्टेटर, दांडा म्हणजे रोटर. दोघांच्या मधे बंद पोकळ्या तयार होतात आणि रोटर फिरला की त्या पुढे सरकत जातात. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत मळीसारखे दाट द्रव ढकलायला याच तत्त्वाचे पंप वापरतात.

हाच पंप उलटा चालवला की मोटर होते. दाबाखालचा द्रव त्या पोकळ्यांत घुसवला की रोटर फिरू लागतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत ‘डायना-ड्रिल’ या नावाने अशा मोटरी तेलविहिरींत रुळल्या. आज तिरप्या आणि आडव्या विहिरींच्या कामात या जातीची मोटर सर्रास दिसते.

रोटरचं डुलणं

या मोटरीत एक अडचण जन्मजात आहे. स्टेटरच्या आतल्या पन्हाळ्या रोटरच्या उंचवट्यांपेक्षा नेहमी एकाने जास्त असतात. रोटरला पाच असतील तर स्टेटरला सहा. त्यामुळे रोटरचा मध्य नळीच्या मध्यावर राहत नाही. रोटर स्वतःभोवती एका दिशेने फिरतो आणि त्याच वेळी त्याचा मध्य नळीच्या मध्याभोवती उलट्या दिशेने छोटं वर्तुळ काढत राहतो. या वर्तुळाची त्रिज्या काही मिलिमीटरच असते, पण फेऱ्या बघा. पाच उंचवट्यांचा रोटर मिनिटाला १५० वेळा फिरत असेल, तर त्याचा मध्य त्याच मिनिटात ७५० वर्तुळं काढतो.

खाली बिट जोडलेला दांडा मात्र बेअरिंगमध्ये बसवलेला असतो आणि तो अगदी मध्यावर, सरळ फिरायला हवा. वरून येणारी गती डुलणारी आणि खाली लागणारी गती नेमकी. मधला दांडा या दोघांना जोडतो.

त्याच्यावरचा भार एवढ्यावर थांबत नाही. विहीर वळवण्यासाठी मोटरीच्या बाहेरच्या नळीलाच एक-दोन अंशांचा बाक दिलेला असतो. मधला दांडा नेमका त्या बाकातून जातो. रोटरच्या दोन टोकांमधला मडचा दाब सारखा नसल्यामुळे रोटर खाली ढकलला जातो, आणि तो रेटाही या दांड्यातून बेअरिंगपर्यंत जातो. बिट खडकात अडकलं तर मोटर जागच्या जागी थांबते, मडचा दाब चढतो आणि दांड्यावरचा पीळ नेहमीच्या कामापेक्षा कितीतरी वाढतो. याला ड्रिलिंगवाले ‘स्टॉल’ म्हणतात. बिट एकदम सुटलं की साठलेला पीळ झटक्यात उलगडतो. शिवाय दांड्याच्या सगळ्या बाजूंनी वाळूचे कण मिसळलेलं मड वेगाने वाहत असतं.

दांडा मधेच तुटला तर अख्खा पाइप वर काढावा लागतो, मोटर बदलावी लागते आणि सगळं पुन्हा खाली सोडावं लागतं. याला ‘ट्रिप’ म्हणतात. खोल विहिरीत एका ट्रिपमध्ये कामाचा अख्खा दिवस सहज जातो, आणि समुद्रातल्या रिगचं भाडं तेवढा वेळ चालूच असतं. म्हणून एका मीटरभर दांड्यावर एवढा विचार करावा लागतो.

सांधा की लवचीक दांडा?

पहिला उपाय सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ट्रकच्या गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. मोटरीतल्या दांड्यालाही असेच सांधे लावता येतात. ते ग्रीसने भरतात आणि वर रबरी बूट चढवतात, म्हणजे मड आत शिरत नाही. आजही पुष्कळ मोटरींत सांध्यांचीच रचना असते आणि त्या उत्तम चालतात.

पण सांधा म्हणजे एकमेकांवर घासणारे भाग. रबरी बूट फाटला की वाळू आत जाते आणि सांधा बघता बघता झिजतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेतल्या शेल खडकातल्या लांबच लांब आडव्या विहिरींमुळे मोटरींचा टॉर्क खूप वाढला. रोटर आणि स्टेटर जास्त ताकद देऊ लागले तसा मधला सांधा हा मोटरीतला कमकुवत दुवा ठरू लागला.

दुसरा उपाय म्हणजे सांधाच नको. एकसंध, बारीक आणि लांब दांडा घ्यायचा आणि त्याला स्वतःच्या लवचीकपणाने वाकू द्यायचं. घासणारे भाग नाहीत, ग्रीस नाही, बूट नाही. याला फ्लेक्स शाफ्ट म्हणतात.

इथे लांबी फार महत्त्वाची ठरते. दोन्ही टोकं पक्की धरलेला दांडा एका बाजूला ठरावीक अंतराने सरकवायचा, तर लागणारा जोर लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. लांबी निम्मी केली की जोर आठपट लागतो, आणि दांड्याच्या पृष्ठभागावरचा वाकण्याचा ताण चौपट होतो. मग दांडा लांबच का करू नये? कारण तो लांब केला की मोटर लांबते, बाकापासून बिटापर्यंतचं अंतर वाढायचा धोका येतो आणि विहीर हवी तेवढी तीव्र वळत नाही. यावर काही मोटरींत एक चांगली युक्ती केलेली असते. रोटर पोकळ करतात, दांडा त्याच्या पोटातून वरपर्यंत नेतात आणि तिथे जोडतात. मोटर लांबत नाही, दांड्याला मात्र वाकायला लांबी मिळते.

उरतो तो पदार्थाचा प्रश्न. पोलादाऐवजी टायटॅनियमचा मिश्रधातू घेतला की काम बरंच सोपं होतं, कारण टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या जवळपास निम्मा आहे आणि त्याला मडचा गंजही फारसा लागत नाही. म्हणून चांगल्या फ्लेक्स शाफ्टसाठी टायटॅनियम आवडीने वापरतात. पण धातूची मजल इथेच संपते.

धातूची अडचण

कुठल्याही पदार्थाचे दोन वेगवेगळे ताठपणे मोजता येतात. तो ताणायला किंवा वाकवायला किती विरोध करतो, हा एक. पिळायला किती विरोध करतो, हा दुसरा. पोलादात पहिला आकडा साधारण २०० गिगापास्कल आणि दुसरा साधारण ८० गिगापास्कल असतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूत ११० आणि ४२ च्या आसपास. दोन्हीकडे दुसरा आकडा पहिल्याच्या पाच भागांतले दोन भाग, म्हणजे ४० टक्क्यांच्या जवळपास येतो.

हे योगायोगाने होत नाही. धातू सगळ्या दिशांना सारखाच वागतो, आणि जो पदार्थ सगळ्या दिशांना सारखा वागतो त्याचे हे दोन आकडे गणिताने एकमेकांना बांधलेले असतात. एक कमी केला की दुसरा त्याच प्रमाणात कमी होणारच. वाकायला मऊ धातू निवडला की तो पिळालाही मऊ निघतो. इंजिनिअरने कितीही डोकं चालवलं, तरी धातू बदलूनही हे प्रमाण त्याला फारसं बदलता येत नाही.

या बंधनातून सुटायचं तर दिशेप्रमाणे वेगळा वागणारा पदार्थ हवा. कार्बन फायबर कॉम्पोझिट तसाच असतो.

खडू पिळून बघा

एक खडू घ्या. दोन्ही टोकं दोन हातांच्या बोटांत धरा आणि खडू न वाकवता एक टोक एका दिशेला, दुसरं उलट दिशेला पिळा. खडू तुटेल, पण सरळ आडवा तुटणार नाही. तुटलेला पृष्ठभाग मळसूत्रासारखा वळत गेलेला दिसेल आणि खडूच्या अक्षाशी त्याचा कोन साधारण ४५ अंशांचा असेल. वाकवून तोडलेल्या खडूचं तोंड याच्या शेजारी ठेवलं की फरक लगेच कळतो. ते जवळजवळ सपाट असतं.

यामागचं कारण साधं आहे. दांडा पिळला की त्याच्या पृष्ठभागावर ४५ अंशांच्या एका तिरक्या दिशेने ताण येतो आणि तिला काटकोनात असणाऱ्या दुसऱ्या तिरक्या दिशेने दाब येतो. खडू दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून तो ताणाच्या आड फाटत जातो आणि भेग मळसूत्री होते.

पीळ शेवटी तिरका ताण आणि तिरका दाबच असतो, हे कळलं की पुढचं पाऊल आपोआप सुचतं. ज्या दिशांना भार येतो, त्याच दिशांना तंतू घालायचे. कार्बनचा तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने विलक्षण ताठ असतो. रेझिनमध्ये, म्हणजे तंतूंना एकत्र बांधणाऱ्या पदार्थात, बसवलेले सगळे तंतू एकाच दिशेला असतील, तर त्या दिशेने नेहमीच्या कार्बन-एपॉक्सीचा ताठपणा सुमारे १३५ गिगापास्कल भरतो आणि आडव्या दिशेने जेमतेम ९-१०. आता हेच थर शाफ्टच्या अक्षाशी एकदा +४५ आणि एकदा −४५ अंशांत गुंडाळले, तर पिळाचा ताठपणा ३३ गिगापास्कलच्या आसपास येतो आणि अक्षाच्या दिशेने ताणण्याचा, म्हणजेच वाकण्याचा, फक्त १८ च्या आसपास.

आकडे पुन्हा बघा. धातूत पिळाचा आकडा वाकण्याच्या आकड्याच्या ४० टक्के होता. इथे तो जवळजवळ दुप्पट आहे.

वाकायला हा दांडा इतका मऊ का? शिवणकाम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढलं तर ताणत नाही, उरेब ओढलं की छान ताणतं. धागे तेच असतात, फक्त कुठलाही धागा ओढीच्या दिशेत नसतो. ±४५ अंशांच्या शाफ्टमध्येही अक्षाच्या दिशेने एकही तंतू नसतो. वाकताना पृष्ठभागावर जो ताण येतो तो तंतूंवर सरळ पडत नाही. तंतू एकमेकांशी असलेला कोन किंचित बदलतात आणि मधलं रेझिन तो बदल सोसतं.

एक हिशेब

याचा प्रत्यक्षात काय उपयोग, ते आकड्यांतच बघू. पावणेसात इंच, म्हणजे १७१ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची मोटर घेऊ. दांड्याची वाकणारी लांबी १ मीटर, रोटरचा मध्य नळीच्या मध्यापासून ६ मिलिमीटर बाजूला आणि टॉर्क १०,००० न्यूटन-मीटर मानू.

दांडा पोलादाचा, ६० मिलिमीटर व्यासाचा असेल, तर तो ६ मिलिमीटर बाजूला सरकवायला सुमारे ९,२०० न्यूटन, म्हणजे ९३० किलो वजनाएवढा जोर लागतो. हा जोर एका बाजूला बेअरिंगवर पडतो आणि दुसऱ्या बाजूला रोटरमार्फत स्टेटरच्या रबरावर, प्रत्येक फेरीत. त्याच व्यासाचा टायटॅनियमचा दांडा घेतला तर जोर निम्म्यावर, सुमारे ५,००० न्यूटनवर येतो. पण आता तोच टॉर्क दिल्यावर दांडा पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पिळला जातो.

कॉम्पोझिट घेताना ६० मिलिमीटरवर भागत नाही. पीळ सोसण्याची त्याची ताकद चांगल्या पोलादापेक्षा कमी असते, म्हणून व्यास वाढवावा लागतो. ८० मिलिमीटर धरू. व्यास वाढला की वाकण्याचा विरोध व्यासाच्या चतुर्थ घाताने वाढतो, म्हणजे इथे तिपटीहून जास्त. एवढं होऊनही लागणारा जोर सुमारे २,६०० न्यूटनच भरतो. तो टायटॅनियमच्या निम्म्याच्या आसपास आहे आणि पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. पीळ किती? पोलादाचा ६० मिलिमीटरचा दांडा या टॉर्कखाली पावणेसहा अंशांच्या आसपास पिळला जातो, कॉम्पोझिटचा ८० मिलिमीटरचा दांडा सव्वाचार अंशांच्या आसपास. म्हणजे तो पोलादापेक्षा सहज वाकतो आणि पोलादापेक्षा कमी पिळला जातो. एकाच धातूत व्यास कमीजास्त करून हे जमत नाही, कारण तिथे वाक आणि पीळ दोन्ही एकदमच वाढतात किंवा एकदमच घटतात.

हा शाफ्ट भरीवही असावा लागत नाही. मधला ४० मिलिमीटरचा भाग पोकळ ठेवला, तरी पिळाची ताकद फक्त सोळाव्या हिश्श्याने घटते.

दांड्याला हे किती वेळा करावं लागतं, तेही लक्षात घ्यायला हवं. पाच उंचवट्यांच्या रोटरच्या प्रत्येक फेरीत दांड्याच्या पृष्ठभागावरचा एखादा बिंदू सहा वेळा ताण-दाबाच्या चक्रातून जातो. मिनिटाला १५० फेऱ्या आणि १०० तासांचं काम धरलं, तर ही चक्रं ५४ लाख होतात. सततच्या अशा भाराने पदार्थ थकतो आणि त्याच्यात बारीक भेगा पडतात. भेग कुठे पडेल आणि किती चक्रांनी, हे वाकण्याच्या ताणावर अवलंबून असतं. म्हणून वाकायला मऊ असणं ही इथे चैनीची गोष्ट नाही, दांड्याचं आयुष्यच त्यावर ठरतं.

बनतो कसा

हा शाफ्ट फिलामेंट वाइंडिंगने बनवतात. मॅन्ड्रेल नावाचा गुळगुळीत दांडा यंत्रावर सावकाश फिरत असतो. कार्बनच्या हजारो बारीक तंतूंचा पट्टा रेझिनच्या कुंडातून भिजून येतो आणि मॅन्ड्रेलवर गुंडाळला जातो. पट्टा सोडणारं डोकं मॅन्ड्रेलच्या लांबीवर पुढेमागे सरकत असतं. मॅन्ड्रेल किती वेगाने फिरतो आणि डोकं किती वेगाने सरकतं, या दोन वेगांच्या प्रमाणावर गुंडाळीचा कोन ठरतो. एक थर +४५ चा, दुसरा −४५ चा, अशी जोडी जमवत जाडी वाढवतात. फक्त एकाच दिशेचे थर दिले, तर शाफ्ट पिळताना लांबीतही कमीजास्त होऊ लागतो, आणि स्टॉल सुटताना येणाऱ्या उलट्या झटक्यालाही तो कच्चा राहतो.

गुंडाळून झालेला शाफ्ट ओव्हनमध्ये ठरावीक तापमानाला पक्का करतात. या टप्प्यावर हवेचे बुडबुडे राहू देऊन चालत नाही. तीन किलोमीटर खोलीवर मडचा नुसता उभा दाबच साडेतीनशे बारच्या घरात असतो. इतक्या दाबाखाली द्रव प्रत्येक पोकळीत आणि भेगेत शिरायला बघतो.

सर्वांत अवघड काम यानंतर येतं. हा शाफ्ट वर रोटरला आणि खाली बेअरिंगच्या दांड्याला जोडायचा असतो आणि ते दोन्ही पोलादाचे असतात. कॉम्पोझिटला सरळ आटे पाडले, तर ज्या तंतूंवर सगळी भिस्त तेच कापले जातात. म्हणून टोकांना धातूचे तुकडे बसवतात आणि तंतू त्यांच्या खाचांवरून, निमुळत्या भागांवरून गुंडाळत नेतात, म्हणजे पीळ चिकटद्रव्याच्या भरवशावर न राहता आकाराच्या पकडीतून पुढे जातो. ताठ धातू आणि मऊ कॉम्पोझिट जिथे भेटतात तिथे ताण गोळा होतो. अशा शाफ्टची खरी परीक्षा बहुतेक वेळा मधल्या भागात होत नाही, या टोकांशी होते.

मर्यादाही तेवढ्याच खऱ्या

पहिली मर्यादा उष्णतेची. तंतूंना उष्णतेची फारशी पर्वा नसते, रेझिनला असते. ठरावीक तापमानापुढे एपॉक्सी मऊ पडतं, आणि पाणी शोषलेलं असेल तर आणखी लवकर. आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या काही खोल विहिरींत तापमान २०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. तिथे साधं एपॉक्सी चालणार नाही, बिस्मॅलिमाइडसारखं जास्त उष्णता सोसणारं रेझिन लागतं. ते महाग असतं आणि त्याच्यावर काम करणंही कठीण. पण इतक्या उष्णतेत मोटरीच्या स्टेटरचं नायट्राइल रबरही टिकत नाही. साधारण १५० अंशांपुढे त्यालाही त्रास होऊ लागतो. म्हणजे उष्णतेने कॉम्पोझिट शाफ्ट मागे पडतो तिथे ही मोटरच मुळात अडचणीत असते.

दुसरी मर्यादा झिजेची. वाळूमिश्रित मड शाफ्टला सतत घासत असतं. ओरखडा धातूवरही पडतो, पण कॉम्पोझिटवर तो तंतू कापतो. म्हणून शाफ्टवर रबराचं किंवा तशाच चिवट पदार्थाचं आवरण लागतं.

तिसरी मर्यादा आतल्या नुकसानीची. थर एकमेकांपासून सुटू लागले, तर बाहेरून काहीच दिसत नाही. धातूतल्या भेगा शोधायच्या पद्धती प्रत्येक वर्कशॉपमध्ये रुळलेल्या आहेत. कॉम्पोझिटसाठी अल्ट्रासाउंडसारख्या तपासण्या आणि त्या वाचता येणारा माणूस लागतो. हे ज्ञान रिगजवळच्या दुरुस्तीच्या शेडपर्यंत पोहोचल्याशिवाय अशा शाफ्टवर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

या सगळ्यामुळे कॉम्पोझिट फ्लेक्स शाफ्ट अजून सर्रास वापरात नाही. सांधे आणि धातूचे फ्लेक्स शाफ्ट यांचंच राज्य आहे. पण याच दिशेचं काम बरीच वर्षं चालू आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मदतीने कॅलिफोर्नियातल्या एसीपीटी या कंपनीने १९९९ पासून कॉम्पोझिटचा ड्रिल पाइप विकसित केला. अतिशय तीव्र वळणाच्या विहिरीत पोलादी पाइप वाकून वाकून थकतो, तिथे कार्बन फायबरचा पाइप जास्त टिकेल, हा त्यामागचा विचार होता. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत हेलिकॉप्टरच्या शाफ्टसाठी आणखी मऊ, पॉलियुरेथेनच्या जातीचं रेझिन वापरून संशोधन झालं. हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्याकडे जाणाऱ्या शाफ्टलाही सरळ रेषा सोडून फिरावं लागतं आणि तिथले सांधे कमी करायचे असतात.

तोच पदार्थ, उलटी मागणी

२०१४ मध्ये बीएमडब्ल्यूने एम३ आणि एम४ या गाड्यांना कार्बन फायबरचा एकसंध प्रोपेलर शाफ्ट दिला. तिथली मागणी आपल्या मोटरीच्या अगदी उलट होती. गाडीचा शाफ्ट मिनिटाला हजारो फेऱ्या फिरतो. तो वाकायला मऊ असेल तर ठरावीक वेगाला थरथरू लागतो आणि वाकून फिरू लागतो. म्हणून गाडीच्या शाफ्टमध्ये बरेच तंतू अक्षाच्या दिशेने किंवा त्याच्या जवळच्या कोनात घालावे लागतात, म्हणजे तो हलका राहूनही वाकत नाही. जमिनीखालच्या मोटरीत फेऱ्या मिनिटाला शे-दोनशे असतात, थरथरण्याचा तो धोका नसतो आणि वाकणं हीच गरज असते.

तंतू तेच, रेझिन जवळपास तेच, बदलला तो फक्त कोन. एका कोनात ताठ शाफ्ट मिळाला आणि दुसऱ्या कोनात लवचीक.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात पदार्थांच्या गुणधर्मांचा तक्ता शिकवतात. पोलाद, ॲल्युमिनियम, पितळ, प्रत्येकासमोर आकडे, आणि विद्यार्थ्याने त्यातून एक निवडायचा. धातूंसाठी ही रीत बरोबर आहे. कॉम्पोझिटला मात्र असा एक आकडा नसतो. भार कुठून येणार, कुठल्या दिशेला ताण पडणार, कुठे वाकायचं आणि कुठे नाही, हे आधी ठरवावं लागतं आणि मग त्याप्रमाणे पदार्थ घडवावा लागतो. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरच्या कॉलेजांतून दरवर्षी हजारो मुलंमुली मेकॅनिकलची पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांना एकच सांगणं आहे. एखादा भाग कॉम्पोझिटचा करायचं ठरवलंत तर धातूच्या भागाचा आकार जसाच्या तसा उचलून त्यात कार्बन भरू नका. आधी कागदावर त्या भागावरच्या भारांच्या दिशा काढा आणि तंतूंचा कोन त्यांच्यावरून ठरवा. कॉम्पोझिटचा फायदा त्या कोनात आहे. तो चुकला, तर हातात फक्त एक महाग आणि नाजूक दांडा उरतो.